संरक्षण बजेटवरचे संसदीय समितीचे अहवाल: माहितीला चार, परिणामाला दीड

दरवर्षी साधारण मार्चमध्ये संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती अनुदान मागण्यांवरचे (म्हणजे मंत्रालयाच्या खर्चाला संसदेची मंजुरी मागणाऱ्या प्रस्तावांवरचे) आपले अहवाल सभागृहात मांडते. दुसऱ्या दिवशी 'समितीची नाराजी' किंवा 'लष्कराला निधी अपुरा' अशी एखादी बातमी येते आणि विषय तिथंच मिटतो. अहवाल मात्र संसद डॉट इनवर पडून असतात. फुकट आहेत, इंग्रजीत आणि हिंदीत आहेत, मराठीत नाहीत.

संरक्षण खर्चावर लिहिणाऱ्याला, वाद घालणाऱ्याला किंवा परीक्षेसाठी वाचणाऱ्याला याहून बरं सार्वजनिक साधन भारतात नाही. पण हे साधन मुळात बनवलं होतं ते खर्च मंजूर होण्याआधी सरकारला थांबवून प्रश्न विचारण्यासाठी, आणि ते काम त्याच्याकडून फारसं होत नाही. म्हणून शीर्षकातले गुण पाचपैकी असले तरी दोन वेगळे दिले आहेत. त्यांची सरासरी काढू नये.

आधी हातात काय पडतं ते पाहू. विभागांशी संलग्न स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. तेव्हा त्या १७ होत्या, २००४ पासून २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. समितीची मुदत एक वर्षाची. संरक्षण समितीचं कामकाज लोकसभा सचिवालय सांभाळतं, त्यामुळे अहवाल शोधताना लोकसभेच्या पानावरून समित्यांकडे जावं. जुन्या लोकसभांचे अहवाल संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात.

संरक्षण मंत्रालयाच्या मागण्या चार. अलीकडच्या वर्षांत त्यांचे क्रमांक १९ ते २२ असे आहेत: १९ मंत्रालयाचा नागरी खर्च (तटरक्षक दल आणि सीमा रस्ते संघटना यातच येतात), २० संरक्षण सेवांचा महसुली खर्च (पगार, देखभाल असा चालू खर्च), २१ भांडवली खर्च (खरेदी, बांधकाम असा टिकाऊ मालमत्तेवरचा), २२ निवृत्तिवेतन. नवं मंत्रालय निघालं की हे क्रमांक सरकतात. म्हणून जुना अहवाल शोधताना क्रमांकावर विसंबू नये, मागणीच्या नावानं शोधावं. समिती या चार मागण्यांवर एकच जाडजूड अहवाल न देता सहसा चार वेगवेगळे देते: सर्वसाधारण बजेट आणि नागरी बाबींवर, तिन्ही दलांवर, भांडवली खरेदी आणि नियोजनावर, आणि संशोधन व उत्पादनावर. बातमीत वाचलेला आकडा सापडत नसेल तर बहुतेक वेळा चौघांतला चुकीचा अहवाल उघडलेला असतो.

आता वाचायचं कसं. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. पहिला भाग म्हणजे मंत्रालयाची लेखी उत्तरं आणि तोंडी साक्षीतले उतारे यांची लांबलचक साखळी. समितीचं स्वतःचं म्हणणं दुसऱ्या भागात, क्रमांक घातलेल्या निरीक्षणांत आणि शिफारशींत असतं. तो भाग आधी वाचावा, मग प्रत्येक शिफारशीचा धागा धरून मागे पहिल्या भागात जावं. मुद्द्याच्या गोष्टी बऱ्याचदा तिथल्या तक्त्यांत आणि साक्षीत सापडतात. शिफारशीची भाषा मवाळ असते, तिच्यामागचा तक्ता नसतो.

तक्त्यात चार रकाने महत्त्वाचे: दलानं मागितलेली रक्कम, अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीची तरतूद), सुधारित अंदाज (वर्ष सुरू असताना पुन्हा ठरवलेला आकडा) आणि प्रत्यक्ष खर्च. यातला पहिला रकाना सामान्य वाचकाला सोयीस्करपणे एका जागी दुसरीकडे क्वचितच मिळतो. बजेटच्या भाषणात 'किती दिले' ते कळतं, 'किती मागितले होते' ते समितीमुळे कळतं. या एका रकान्यासाठी अहवाल उघडला तरी वेळ वसूल होतो.

याच तक्त्यांत सगळ्यात जास्त घसरण होते ती तुलनेत. २०२५-२६ च्या बजेटचं उदाहरण घ्या. एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी रुपये. त्यात भांडवली १,८०,००० कोटी. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात भांडवली तरतूद १,७२,००० कोटी होती, म्हणजे वाढ साडेचार टक्क्यांच्या थोडी वर. पण त्याच वर्षाचा सुधारित अंदाज १,५९,५०० कोटींवर आला होता. त्याच्याशी तुलना केली तर वाढ जवळपास १३ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. सरकारच्या बाजूनं बोलणारा दुसरा वापरतो, टीका करणारा पहिला, आणि मधले १२,५०० कोटी का खर्च झाले नाहीत हा खरा प्रश्न दोघांच्याही भाषणात येत नाही. अंदाजाची तुलना अंदाजाशी आणि प्रत्यक्षाची प्रत्यक्षाशी, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मे वाद मिटतील.

दुसरी घसरण 'भांडवली' या शब्दावर होते. भांडवली म्हणजे शस्त्रं असं धरून चालणारे पुष्कळ. वरच्या १,८०,००० कोटींपैकी आधुनिकीकरणाच्या खरेदीसाठी सुमारे १,४८,७२३ कोटी होते. उरलेले सुमारे ३१,२७७ कोटी संशोधनाचा भांडवली खर्च आणि पायाभूत सुविधा यांच्यासाठी. एकूण संरक्षण बजेट म्हणताना निवृत्तिवेतन धरलं आहे की नाही हेही दर वेळी तपासावं. २०२५-२६ मध्ये निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी होतं, म्हणजे एकूण तरतुदीच्या जवळपास २४ टक्के. ते धरून आणि वगळून काढलेली टक्केवारी एकाच वाक्यात आली की समजावं, लिहिणाऱ्यानं अहवाल उघडलेला नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कामाची: बांधील देणी. आधीच्या वर्षांत केलेल्या करारांचे हप्ते या वर्षीच्या भांडवली रकमेतून जातात. ते वजा केल्यावर उरेल तेवढ्यातच नवी खरेदी. तरतूद वाढली तरी नव्या खरेदीला पैसा नाही असं होऊ शकतं ते यामुळे. याचं सर्वांत बोलकं उदाहरण २०१८ चं. तेव्हा समितीचे अध्यक्ष मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी होते. भूदलाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल सरथ चंद यांनी साक्षीत सांगितलं की भूदलाच्या आधुनिकीकरणासाठी दिलेल्या २१,३३८ कोटी रुपयांत चालू असलेल्या १२५ योजनांची २९,०३३ कोटींची बांधील देणीसुद्धा भागत नाहीत. नवीन काही घेणं दूरच, जुन्या बिलांनाच साडेसात हजार कोटींहून जास्त कमी. त्याच साक्षीत सैन्याच्या सामग्रीची विभागणीही आली: ६८ टक्के जुनाट, २४ टक्के चालू पिढीची, ८ टक्के अत्याधुनिक. आदर्श प्रमाण प्रत्येकी एक तृतीयांश असावं, हेही त्यांनीच सांगितलं. गणवेशातला वरिष्ठ अधिकारी सरकारच्या बजेटबद्दल इतकं उघड बोलतो आणि ते छापून येतं अशी दुसरी जागा आपल्याकडे नाही. चार गुण आहेत ते यासाठी.

दीड का, ते याच प्रसंगाच्या पुढच्या दिवशी दिसतं. ते अहवाल १३ मार्च २०१८ रोजी सभागृहात आले. १४ मार्चला लोकसभेनं सर्व मंत्रालयांच्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे एकत्र मताला टाकून, चर्चेविना मंजूर केल्या. संरक्षणाच्याही. नियमात लिहिलंय की सभागृहानं मागण्यांचा विचार समितीच्या अहवालांच्या प्रकाशात करावा. तो प्रकाश जेमतेम एक दिवस होता. २०२३ च्या मार्चमध्येही गोंधळात सगळ्या मागण्या चर्चेविनाच संमत झाल्या.

निवडणुकीच्या वर्षी तर क्रमच उलटा होतो. २०२४ मध्ये पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला, ऑगस्टमध्ये मंजूर झाला, समित्या सप्टेंबरच्या अखेरीस स्थापन झाल्या आणि २०२४-२५ च्या मागण्यांवरचे अहवाल डिसेंबरात आले. वरात जेवून गेल्यावर पंगतीचा मेनू ठरवल्यासारखं. अशा वर्षाचा अहवाल 'छाननी' म्हणून वाचू नये. पुढच्या वर्षासाठी तक्ते मिळाले एवढं समाधान मानावं.

एरवीच्या वर्षीही वेळ कमीच. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प, त्यावर सर्वसाधारण चर्चा, मग सभागृहाला तीन-चार आठवड्यांची सुट्टी, आणि त्या सुट्टीतच तिन्ही दलं, तटरक्षक, संशोधन संस्था, कारखाने, छावणी मंडळं, माजी सैनिक असं सगळं उरकायचं. लोकसभेच्या नियम ३३१-जी नुसार समितीला मुदतवाढ मागता येत नाही. नियम ३३१-ई नुसार अहवालात कपात सूचनेसारखं (मागणीची रक्कम कमी करण्याच्या प्रस्तावासारखं) काही सुचवता येत नाही आणि मंत्रालयाच्या दैनंदिन कारभारात लक्ष घालता येत नाही. शिफारशींचं मोल सल्ल्याचं, बंधन नाही. समिती पैसे कमी करू शकत नाही, वाढवू शकत नाही, एखादी खरेदी रोखू शकत नाही. तिच्याकडून ते होत नाही म्हणून तिला बोल लावण्यात अर्थ नाही. यंत्रात ती कळच बसवलेली नाही.

अनुभवी वाचक मार्चच्या अहवालापेक्षा त्यानंतर येणाऱ्या कार्यवाही अहवालाची वाट पाहतो. बातम्यांत तो जवळजवळ येतच नाही. मूळ अहवालानंतर मंत्रालयानं तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते कळवायचं असतं, आणि त्या उत्तरांवर समिती दुसरा अहवाल काढते. त्याची रचना ठरलेली, पाच प्रकरणांची. पहिल्यात समितीचं भाष्य. दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर पाहून समितीनं सोडून दिलेल्या. चौथ्यात ज्यांचं उत्तर समितीला पटलेलं नाही आणि ज्या ती पुन्हा मांडते. पाचव्यात ज्यांचं अंतिम उत्तर अजून यायचं आहे. शेवटी परिशिष्टात या सगळ्यांची टक्केवारी.

घाईत असाल तर फक्त पहिलं आणि चौथं प्रकरण वाचा. दुसऱ्या प्रकरणाच्या टक्केवारीवर मात्र भाळू नका. 'समितीच्या सूचनेची नोंद घेतली आहे', 'प्रयत्न सुरू आहेत', 'अर्थ मंत्रालयाकडे मागणी केली जाईल' अशी उत्तरंही 'मान्य' या खान्यात जाऊन बसतात. शिफारस मान्य झाली की नाही याची कसोटी एकच: पुढच्या मार्चच्या तक्त्यात आकडा हलला का? शिवाय लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ७३-ए नुसार मंत्र्यानं शिफारशींच्या अंमलबजावणीवर सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करायचं असतं. ते बहुधा थेट पटलावर ठेवलं जातं. तेही शोधून जोडलं की एका शिफारशीची पूर्ण कुंडली हाताशी येते.

अशी एक कुंडली नमुन्यादाखल पाहा. भांडवली पैसा ३१ मार्चला खर्च झाला नाही की परत जातो. शस्त्रखरेदीला मात्र वर्षानुवर्षं लागतात. म्हणून व्यपगत न होणारा, म्हणजे वर्ष संपलं तरी शिल्लक राहणारा निधी असावा असं समिती अनेक लोकसभांपासून म्हणत आली आहे. २००४-०५ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी २५,००० कोटींच्या अशा निधीची घोषणा केली. तो उभा राहिला नाही. अर्थ मंत्रालयाचा आक्षेप तत्त्वाचा होता: खर्चाला संसदेची मंजुरी वर्षावर्षाची, मग न खर्चलेला पैसा तिच्या हाताबाहेर कसा ठेवायचा? पुढं पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा आधुनिकीकरण निधी सुचवला, अंदाजे २,३८,३५४ कोटींचा. सरकारनं तो तत्त्वतः मान्य केला, आणि त्यानंतर समितीला मिळत राहिलेली उत्तरं 'पद्धत ठरवण्याचं काम चालू आहे' या सुराची. या एका मागणीचा माग सलग दहा-पंधरा अहवालांतून काढला की संसद, संरक्षण मंत्रालय आणि अर्थ मंत्रालय यांच्यातला खरा तोल कळतो. गंमत म्हणजे इथं संसदेची समितीच संसदेची वार्षिक पकड सैल करायला सांगते आहे आणि अर्थ मंत्रालय संसदेच्या अधिकाराचा दाखला देतं आहे.

अहवालांचे दोष आणखी आहेत. पहिला, माहितीचा उगम. समितीकडे स्वतःचे तपासनीस नाहीत, तज्ज्ञांचं मोठं पथक नाही. ज्याची छाननी करायची त्याच मंत्रालयानं दिलेल्या कागदांवर छाननी चालते. दुसरा, बंद दार. बैठका खासगी असतात. साक्षीचे निवडक उतारे अहवालात येतात, पूर्ण शब्दशः नोंद प्रसिद्ध होत नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाची संरक्षण समिती बऱ्याच सुनावण्या उघड घेते आणि त्यांची लिखित नोंद प्रसिद्ध करते. गोपनीय तेवढं बंद दाराआड. आपल्याकडे कोणत्या खासदारानं काय विचारलं ते कळतच नाही, कारण मजकुरात नाव सहसा नसतं. शेवटी जोडलेल्या इतिवृत्तात उपस्थितांची यादी मात्र असते. आपल्या भागातला खासदार समितीवर असेल तर ती यादी जरूर तपासावी. ३१ जणांच्या समितीची गणसंख्या जवळपास एक तृतीयांश, म्हणजे दहा-अकरा जणांवरही बैठक चालते. मतभेद असलेल्या सदस्याला भिन्नमतपत्रिका जोडता येते, तीही शेवटीच सापडते.

मंत्रालयाच्या कागदांपलीकडचं काही हवं असेल तर जोडीला कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल लागतोच. एक जोडी वाचून पाहण्यासारखी आहे: भूदलाच्या दारूगोळा व्यवस्थापनावरचे २०१५ आणि २०१७ चे कॅग अहवाल. राखीव साठ्याचा निकष ४० दिवसांच्या लढाईचा, किमान स्वीकारार्ह पातळी २० दिवसांची. पहिल्या अहवालात मार्च २०१३ ची स्थिती होती: १७० प्रकारांपैकी निम्म्यांचा साठा १० दिवसांहून कमी. दुसऱ्यात सप्टेंबर २०१६ ची: १५२ पैकी ६१ प्रकार, म्हणजे ४० टक्के, अजूनही १० दिवसांच्या आत. निकष तोच, मोजणारा बाहेरचा, मध्ये साडेतीन वर्षं. स्थायी समितीच्या अहवालांत अशी काटेकोर मोजणी मिळणार नाही.

पण कॅगचा पुरवठा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. हवाई दलाच्या भांडवली खरेदीवरचा अहवाल १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मांडला गेला तेव्हा त्यातल्या राफेल विमानांच्या किमती मंत्रालयाच्या आग्रहावरून झाकलेल्या होत्या. शिवाय गेल्या काही वर्षांत संरक्षणावरचे बरेचसे कॅग अहवाल सभागृहात मांडले जातात, पण कॅगच्या संकेतस्थळावर टाकले जात नाहीत. कॅगच्या अहवालांवर लोकलेखा समिती बसते: २२ सदस्य, १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे. तिची तपासणी खर्चानंतरची असते आणि सगळे परिच्छेद तिच्यापुढं येत नाहीत, निवडक येतात. तिची आणि संरक्षण समितीची चौकशी एकमेकींना जोडणारी तार नाही. ती जोडणी वाचणाऱ्यालाच करावी लागते.

खासदारांनी सभागृहात विचारलेले तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न हा तिसरा पर्याय. एका नेमक्या आकड्यासाठी उत्तम, कारण उत्तर छोटं आणि तारखेसह मिळतं. नेमकं तेच खुपणारं असेल तर 'राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी तपशील उघड करता येणार नाही' हे वाक्य येतं. तोच तपशील कधी कधी समितीच्या तक्त्यात, जरा जुन्या तारखेचा, सापडतो. म्हणून दोन्हीकडे शोधावं.

काम गंभीर असेल तर स्वतःची एक वही किंवा स्प्रेडशीट ठेवावी. ओळींमध्ये वर्षं, रकान्यांत दलानं मागितलेली रक्कम, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि बांधील देणी, प्रत्येक दलासाठी वेगळी. महसुली खर्चात भूदलाचं मुख्य शीर्ष (सरकारी हिशेबातला खात्याचा क्रमांक) २०७६, नौदलाचं २०७७, हवाई दलाचं २०७८, संशोधनाचं २०८०, भांडवली ४०७६. मागण्यांचे क्रमांक बदलले तरी ही शीर्षं टिकून राहतात, त्यामुळे जुन्या-नव्या वर्षांची सांगड त्यांच्यावरच घालावी. अपवाद दारूगोळा कारखान्यांचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी कारखाना मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यामुळे २०७९ या शीर्षाखालची रांग तिथं तुटते. ती ओढूनताणून पुढं नेऊ नये. आणि मार्चमध्ये अहवाल आला की त्यातला चालू वर्षाचा 'प्रत्यक्ष खर्च' डिसेंबर किंवा जानेवारीपर्यंतचाच असतो. तक्त्याखालची बारीक टीप न वाचता तो पूर्ण वर्षाचा म्हणून भरला, तर सगळी वही दर वर्षी खर्चात न झालेली घट दाखवत राहील.